रुग्णाच्या नातेवाइकाने ड्युटीवरच्या नर्सला मारहाण केली, पोलीस नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंद) लिहून घेतात. एफआयआर होऊ शकतो का?

हो, एफआयआरच व्हायला हवा. महाराष्ट्रात 2010 च्या वैद्यकीय सेवा हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडलेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. खासगी रुग्णालयं आणि नर्सिंगचे विद्यार्थीही त्यात येतात. घोळ होतो तो तक्रार लिहिताना. ‘बाचाबाची झाली’ एवढंच लिहिलं की ठाण्यात एनसीवर भागवतात. म्हणून कायद्याचं नाव, वॉर्ड, ड्युटीची वेळ आणि ‘सलाइन लावताना हात पिरगळला’ असं नेमकं लिहा. कॅज्युअल्टीत एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे जखमांची पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी लेखी मागा. मात्र भांडण कामाशी संबंधित नसेल, तर हा कायदा लागत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेची नेहमीची कलमं.