कॅथेटर निघाला, धार मात्र बारीक झाली

प्रश्न : माझे वडील, आप्पा, ६१ वर्षांचे. यावल तालुक्यात आमची केळीची शेती. मागच्या पावसाळ्यात मोटारसायकल घसरून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन, आयसीयू, मग घरी खाट. तीनेक आठवडे लघवीची नळी होती. दिवाळीपासून धार बारीक झाली, कुथावं लागतं. प्रोस्टेटच्या गोळ्यांनी फरक नाही. सळई घालून तीनदा रस्ता मोठा केला. महिनाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. हे जन्मभर करायचं का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, जन्मभर मुळीच नाही.

नळीच्या आधी आप्पांना काही त्रास नव्हता, ती निघाल्यावर काही महिन्यांतच सुरू झाला. म्हणून मला प्रोस्टेटपेक्षा नळीच्या व्रणाचा संशय जास्त येतो. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटीमीटर लांब आणि वळणाचा. नळी वळणावर आतलं अस्तर दाबत राहते. कूस बदलताना पिशवी ओढली गेली, किंवा नळी आत अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाजवळ असलेला फुगा मूत्राशयात पोचण्याआधीच फुगवला, तर जखम होते. ती भरताना व्रण आखडतो आणि वाट अरुंद होते. म्हणूनच घरी कुणाला नळी असेल तर ती मांडीला किंवा पोटाला चिकटपट्टीने नीट बांधा आणि ती कधी काढायची, हे डॉक्टरांना रोज विचारा. विचारायला संकोच नको.

सळईने व्रण ताणला जातो, फाटतो, आणि भरताना पुन्हा आखडतो. तीनदा तेच झालंय. आता चौथ्यांदा सळई घालू देण्याआधी युरॉलॉजिस्टकडून, म्हणजे मूत्रविकाराच्या डॉक्टरांकडून, तीन तपासण्या करून घ्या. युरोफ्लोमेट्रीत धारेचा वेग कळतो. सोनोग्राफीत लघवीनंतर किती शिल्लक राहते आणि किडनीला सूज आहे का, ते दिसतं. सगळ्यात महत्त्वाची आरजीयू : लघवीच्या तोंडातून आत एक्स-रेत दिसणारं औषध सोडून फोटो काढतात, त्यात अरुंद भाग नेमका कुठे आणि किती लांब, ते कळतं.

भाग दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर पहिल्या वेळी दुर्बिणीतून कापून भागतं. पण वारंवार परत येणाऱ्या व्रणाला युरेथ्रोप्लास्टी, म्हणजे मूत्रमार्ग दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया, हाच खरा उपाय. त्यात बहुधा गालाच्या आतलं अस्तर काढून मूत्रमार्गाला लावतात. ते ओलाव्यात टिकतं, त्याला केस नसतात. पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णींची या शस्त्रक्रियेची पद्धत जगभर वापरली जाते, तेव्हा हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजू नका. जनआरोग्य योजनेत बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तुम्ही लिहिलं नाही, पण विचारतो : आप्पा तंबाखू, गुटखा खातात का? आपल्याकडे शेतात जाताना भाकरीआधी चुना-तंबाखूची डबी खिशात जाते. सुपारी-गुटख्याने गाल आतून कडक झाले, तोंडात उभी तीन बोटं मावेनाशी झाली, तर ते अस्तर घेणं अवघड होतं. मग जिभेखालून घ्यावं लागतं. शस्त्रक्रिया ठरायची वाट पाहू नका, डबी आजच काढून घ्या. रागावून नको, कारण सांगून. गालाचा उपयोग कळला की माणसं ऐकतात, हे मी पाहिलंय.

थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्ण तुंबली, तर गावात कुणालाही जोर लावून नळी घालू देऊ नका. तडक भुसावळ किंवा जळगाव गाठा. तिथे ओटीपोटातून नळी टाकून मूत्राशय रिकामं करता येतं. मूत्रमार्गाला नवी जखम होत नाही.