भूमी-निवेदन वाचून झालं, पुढे काय?

बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाआधी ‘ही भूमी ओलोनी लोकांची’, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, असं निवेदन वाचतात. त्यापुढे काय करता येईल, हा प्रश्न फार मोलाचा आहे.

पैसे द्या, दरवर्षी द्या, विनाअट द्या. ओकलंड-बर्कलीकडे राहत असाल तर ‘सोगोरेआ ते’ लँड ट्रस्टचा (मूळ रहिवाशांना जमीन परत मिळवून देणाऱ्या संस्थेचा) ‘शूमी लँड टॅक्स’ भरा. नाव टॅक्स असलं तरी तो ऐच्छिक आहे. घर भाड्याचं की स्वतःचं, किती मोठं, यावरून ट्रस्टच वार्षिक रक्कम सुचवतो. मंडळाने तिकिटामागे ठरावीक डॉलर बाजूला काढावेत आणि ते अंदाजपत्रकात लिहावेत, नाहीतर कार्यकारिणी बदलली की विषय संपतो. नोकरीच्या कंपनीत मॅचिंग (आपल्या देणगीइतकी रक्कम कंपनीनेही देणं) असेल तर तो अर्जही भरा. या पैशाने जमीन खरोखर परत मिळते: बर्कलीतल्या शेलमाउंडची (ओलोनींच्या प्राचीन, पवित्र स्थळाची) २.२ एकर जागा परत देण्याचा ठराव २०२४ मध्ये झाला, तिच्या किमतीतला मोठा हिस्सा शूमीतून आला.

सॅन होजेकडे मात्र आधी विचारा. तिथली म्युवेक्मा ओलोनी जमात वेगळी आहे; सगळ्या ओलोनींना एकच धरणं ही नेहमीची चूक. म्युवेक्मांना अजून केंद्र सरकारची मान्यता नाही, त्यामुळे मान्यताप्राप्त जमातींसाठीच्या अनेक केंद्रीय योजना त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. मतदार असाल तर अमेरिकी काँग्रेसमधल्या (संसदेतल्या) आपल्या प्रतिनिधीला त्यासाठी पत्र लिहा.

कार्यक्रमात स्वागतासाठी ओलोनी ज्येष्ठांना बोलवायचं तर मानधन आणि प्रवासखर्च निमंत्रणातच लिहा. फुकट बोलावणं अपमानास्पद आहे.