घोरणं अचानक थांबतं तेव्हा
प्रश्न: आमचे हे ४८ वर्षांचे, रात्रभर घोरतात, मधेच श्वास थांबल्यासारखा होतो आणि दचकून उठतात, दिवसा गाडी चालवताना पण डुलकी लागते. डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात घोरणं म्हणजे गाढ झोप. काय करू? - एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, ही गाढ झोप नाहीये हो, उलट झोप सारखी मोडतेय, हा बहुधा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते, १० सेकंद किंवा जास्त श्वास अडतो, ऑक्सिजन उतरतो, मग मेंदू जागं करतो आणि हे रात्रभर चालू राहतं, त्यामुळे बीपी पण वाढतं. आधी मोबाईलवर त्यांच्या घोरण्याचा व्हिडिओ काढा आणि त्यांनाच दाखवा, माझ्या अनुभवात याने भलेभले तयार होतात. मग कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे जाऊन स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास आणि ऑक्सिजन मोजायची तपासणी करायची, बऱ्याच जणांची घरीच होते. तासाला ५ पेक्षा कमी वेळा श्वास अडला तर नॉर्मल, ३० च्या वर म्हणजे गंभीर. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवणारं) दिलं तर पहिले काही दिवस मास्क नकोसा वाटतो, नाक कोरडं पडतं, पण म्हणून कपाटात ठेवून देऊ नका प्लीज, मास्कचा साईज बदलून मिळतो, हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर लावता येतो. वजन उतरलं तर फरक पडतो, कुशीवर झोपल्याने पण काहींना. रात्रीची दारू बंद, झोपेच्या गोळ्या मनाने अजिबात नाही. आणि तपासणी होईपर्यंत गाडीची चावी तुमच्याकडे ठेवा, ते चिडले तरी चालेल.