‘सर्व हक्क’ लिहून देऊ का?

प्रश्न : आम्ही तिघं मित्र स्वतंत्रपणे गाणी करतो. एका वेब मालिकेच्या दिग्दर्शकाला आमचं एक गाणं आवडलं. निर्मात्याकडून एकपानी करार आला आहे. एकरकमी मोबदल्यात ‘गाण्याचे सर्व हक्क कायमस्वरूपी’ द्यायचे, असं त्यात लिहिलंय. संधी हातची जाईल अशी भीती वाटते. सही करावी का?

उत्तर : आहे त्या मजकुरावर सही करू नका, पण नकारही कळवू नका. मालिकांसाठी गाणी निवडणं आणि त्यांच्या परवानग्या मिळवणं हेच माझं काम, म्हणून खात्रीने सांगतो. एखाद्या प्रसंगात गाणं वाजवायला निर्मात्याला त्याची मालकी लागत नाही, परवानगी पुरते. हा मजकूर बऱ्याचदा पार्श्वसंगीताच्या करारातून जसाच्या तसा उचललेला असतो. ते संगीत मालिकेसाठीच नव्याने करून घेतलेलं असतं. तुमचं गाणं आधीपासून तुमचं आहे. तेव्हा नॉन-एक्सक्लुझिव्ह परवाना द्यायची तयारी दाखवा, म्हणजे गाणं तुमचंच राहील आणि इतरांनाही देता येईल. या मालिकेपुरती कायमची परवानगी मागितली तर ती रास्त आहे, द्या. ट्रेलर आणि जाहिरातींचे पैसे मात्र वेगळे ठरवा.

आता तुमच्याकडची तयारी. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि निर्मात्याला दोन्ही लागतात. तिघांचे वाटे टक्क्यांत लिहा, बेरीज 100 करा, तिघांनीही सह्या करा. कोरसला आलेली मैत्रीण, बासरी वाजवून गेलेला वादक, यांचीही लेखी संमती घ्या. बीट, म्हणजे तालाचा तयार ट्रॅक, विकत घेतला असेल तर त्याच्या परवान्यात चित्रपट-मालिकांचा वापर बसतो का, ते शब्दन् शब्द वाचून बघा. एका भागाचं एडिट लॉक व्हायला, म्हणजे संकलन कायमचं ठरायला आलं असताना चपखल बसलेलं गाणं मला काढावं लागलंय, कारण त्यातला चार सेकंदांचा तालाचा तुकडा कुठून घेतला हे संगीतकाराला सांगता येईना. त्याच्या जागी आलेलं गाणं निम्म्यानेही चांगलं नव्हतं. मला अजून त्याची हळहळ वाटते.

यूट्यूबवर कंटेंट आयडी, म्हणजे गाणं आपोआप ओळखणारी यंत्रणा, चालू असेल तर तुमचं गाणं ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकाला आधीच कळवा, नाहीतर मालिकेच्या प्रोमोवर तुमच्याच गाण्याचा कॉपीराइट दावा लागेल.

फाइल 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट वेव्ह द्या, आणि सोबत गायकीशिवायचं मिक्सही. संवाद सुरू झाले की गाण्याचे शब्द त्यांच्यावर आदळतात. संकलक नेमका तिथे नुसत्या वाद्यांवर येतो. ते मिक्स हाताशी नसेल तर तो दुसरं गाणं शोधायला लागतो.

एक कलम आवर्जून घाला : क्यू शीटची प्रत. कोणतं संगीत किती सेकंद वाजलं, कोणी लिहिलं, कोणाचा किती वाटा, हे त्यात नोंदवतात आणि रॉयल्टी संस्था त्यावरून प्रक्षेपणाचे पैसे वाटतात. तिघंही अशा संस्थेचे सभासद व्हा आणि गाणं तिथे नोंदवा. एकरकमी मोबदल्यातच ही रॉयल्टी आली, असं वाक्य करारात असेल तर ते आधी काढायला सांगा.