तीन तालुके, एकच ऑक

भाऊ, रावेर, यावल, चोपड्याच्या केळीभावाच्या तीन फायली, म्हणून तीन लूप कशाला? ऑक (awk) हा फायली ओळ-ओळ वाचणारा संगणकी प्रोग्रॅम; त्याच्यापुढे तिन्ही नावं ओळीनं लिही, तो एकामागून एक वाचत जातो. घोळ होतो मोजणीत. एनआर (NR), म्हणजे वाचलेल्या ओळींचा आकडा, तिन्ही फायलींत मिळून चढत राहतो. एफएनआर (FNR), म्हणजे चालू फाइलमधल्या ओळीचा आकडा, मात्र प्रत्येक फायलीला पुन्हा १ पासून. शीर्षकाची ओळ गाळायची तर एफएनआर १ पेक्षा मोठा हवा, अशी अट घाल. मी एनआर लावला होता. यावलचं ‘भाव’ हे शीर्षक शून्य धरून बेरजेत घुसलं, सरासरी घसरली, अन् अर्धी रात्र मी व्यापाऱ्याच्याच आकड्यांवर संशय घेत बसलो! एनआर अन् एफएनआर सारखे म्हणजे पहिली फाइल, ही युक्ती पहिलीच फाइल रिकामी निघाली की फसते. तिथं फाइलनेम (FILENAME), म्हणजे चालू फाइलचं नाव, तपास.