ओलीस धरणाऱ्याला पोलिसांनी गोळी घातली, तर पोलिसांचीच चौकशी कशाला?

मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. तुमचा राग समजतो, पण ज्याला तुम्ही पोलिसांचा अपमान म्हणताय ती चौकशी प्रामाणिक पोलिसाच्याही फायद्याची आहे.

जीव घेण्याचा वेगळा परवाना कायद्याने पोलिसाला दिलेला नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्याचा जो हक्क तुम्हाआम्हाला आहे, तोच त्याला आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मधला. धोका टळला की तो हक्कही संपतो. 30 ऑक्टोबर 2025 ला पवईत 17 मुलांना ओलीस ठेवणाऱ्या ज्या माणसाला पोलिसांनी गोळी घातली, त्याच्याकडे एअरगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक होती. पण समोरच्या पोलिसाला त्या क्षणी काय दिसत होतं, कसली वाजवी भीती होती, हेच कायदा बघतो; नंतर काय कळलं ते नाही.

आता आपल्या मुंब्र्याचं घ्या. 23 सप्टेंबर 2024 ला बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातल्या आरोपीला तळोजा जेलमधून आणताना पोलीस गाडीतच गोळी लागून त्याचा मृत्यू झाला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. पवईत निदान ती मुलं तरी सांगायला होती. इथे बंद गाडी, आणि जिवंत साक्षीदार फक्त पोलीस. अशा वेळी चौकशी नको म्हणणं मला भयंकर वाटतं. जानेवारी 2025 मध्ये हायकोर्टापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात तर बळाचा वापर समर्थनीय नव्हता असंच म्हटलं होतं. अर्थात अहवाल म्हणजे दोषसिद्धी नव्हे.

योगायोग असा की त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, 23 सप्टेंबर 2014 ला, सुप्रीम कोर्टाने पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात पोलीस चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासासाठी 16 सूचना दिल्या होत्या. एफआयआर नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायची, हत्यारं फॉरेन्सिकला द्यायची आणि घटनेनंतर लगेच शौर्यपदक किंवा बढती द्यायची नाही. ही शेवटची सूचना मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. बक्षीस आधी मिळालं तर खरं कोण शोधणार?

आरोपीचे हक्क कशाला, असंही तुम्ही विचारलंय. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला बंद होतो. बदलापूरच्या त्या दोन चिमुरड्यांच्या आईबापांना आता त्याच्याविरुद्धचा निकाल कुठल्याच कोर्टात ऐकायला मिळणार नाही.