हंस नाही झाले तर?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत, शाळेतली चिडवाचिडवी आणि त्यावर मुलांना गोष्टी कुठल्या सांगायच्या. मागच्या अंकात वाचनालयातल्या आमच्या गोष्टींच्या तासाबद्दल लिहिलं होतं, त्यामुळेच असेल. चार पत्रं घेतेय. नावं कुणाचीच देत नाहीये, मुलांची तर अजिबातच नाही.

ताई, माझा मुलगा दुसरीत आहे, सात वर्षांचा. त्याला र म्हणता येत नाही, ल म्हणतो. स्कूल बसमध्ये मोठी मुलं त्याला रोज "रिक्षा रस्त्यात रुतली" म्हणायला लावतात आणि तो म्हणाला की सगळी बस हसते. आता तो बसमध्ये तोंडच उघडत नाही. घरी पण र आला की शब्द बदलतो, रस पाहिजे असेल तर ज्यूस म्हणतो, भाकरी असली की "ते दे" म्हणून बोट दाखवतो. त्याचे बाबा त्याला जुन्या काळच्या ग्रीक डेमॉस्थेनिसची गोष्ट सांगतात, तोंडात खडे धरून बोलायचा आणि शेवटी मोठा वक्ता झाला. मी बदकाच्या कुरूप पिल्लाची सांगते. पण ऐकून तो अजूनच गप्प होतो. आमचं काय चुकतंय?
– एक आई, चिंचवड

तुमची माया कुठेच कमी पडत नाहीये. पण त्या दोन्ही गोष्टी सध्या बाजूला ठेवा, आणि का ते जरा सविस्तर सांगते.

बदकाच्या पिल्लाची गोष्ट डॅनिश लेखक अँडरसनने १८४३ साली लिहिली, आपल्याकडे ती गदिमांच्या गाण्यामुळे घराघरात पोचली. मीही ती कितीतरी वर्षं सांगत होते. एकदा तासाला आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती, चेहऱ्यावर भाजल्याचा मोठा डाग होता, वर्गात तिला त्यावरून खूप बोलायचे. गोष्ट संपली, बाकीची पोरं उठून चपला शोधायला लागली, ही मात्र बसूनच होती, सतरंजीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "ताई, आणि मी हंस नाही झाले तर?" मला काही सुचलं नाही, मी "असं काय गं" म्हणून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला. ते मला अजून खुपतं. कारण तिचं बरोबर होतं. त्या गोष्टीत पिल्लाचा छळ थांबतो तो ते सुंदर निघालं म्हणून. बदकच निघालं असतं तर टोचायचं होतं का त्याला जन्मभर? डेमॉस्थेनिसचं पण तेच आहे. एरवी ती मेहनतीची छान गोष्ट आहे, पण रोज बसमध्ये रडवेला होणाऱ्या मुलाला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की तू आधी दुरुस्त हो, मग लोक हसायचे थांबतील. म्हणजे हसणारे बरोबर आणि चूक त्याच्या जिभेची.

तुमच्या मुलाला आपली भोपळ्यातली म्हातारी सांगा. सात वर्षांचा आहे, "मी काय लहान आहे का" म्हणेल, तरी सांगा. पण या वेळी नीट लक्ष देऊन सांगा, घाई करू नका. म्हातारी जंगलातून निघालीय, काठी टेकत टेकत, एकटीच, वाघ-कोल्हे वाटेत आडवे येतात आणि सगळ्यांचं एकच, तुला खातो. म्हातारी लढते का? नाही. वाघाला सुधारायला जाते का? नाही. ती म्हणते थांब जरा, लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, लठ्ठ होऊन येते, मग खा. तिथून निसटते आणि थेट आपल्या माणसाकडे जाते. लेकीकडे जाऊन रोज पोटभर खाते, आणि परत निघायच्या वेळी लेकीला सांगते की बाई गं वाटेत असं असं आहे. आणि मग भोपळा कोण देतं? लेक देते! आपण लहानपणापासून टुणूक टुणूकच्या नादात हे ऐकत आलो आणि भोपळा कुठून आला हे कुणी विचारलंच नाही. म्हातारी शेवटपर्यंत म्हातारीच राहते, तिच्या अंगात ताकद येत नाही, तिची काठी सुटत नाही, फक्त तिने सांगितलं आणि कुणीतरी भोपळा दिला.

गोष्ट झाल्यावर लगेच "बघ, तू पण असंच सांगत जा" असं म्हणू नका हं, तिथे सगळं फुकट जातं. दोन दिवस जाऊ द्या, मग केव्हातरी पोळी लाटता लाटता विचारा, आपण तुझ्यासाठी बसमध्ये भोपळा कसला करायचा रे? तो काहीतरी सांगेल. पुढच्या सीटवर मावशींजवळ बसायचं म्हणेल, नाहीतर अमुक एका मित्राशेजारी बसवा म्हणेल. ते करून द्यायचं काम मात्र तुमचं. शाळेत जाऊन क्लास टीचरना आणि बसच्या मावशींना भेटा, कोणती मुलं, कोणता स्टॉप, काय म्हणायला लावतात सगळं लिहून द्या. गोष्टीने बस सुधारत नाही, गोष्टीने त्याचं तोंड उघडतं एवढंच आणि तेवढं खूप आहे.

र बऱ्याच मुलांना उशिरा येतो. तरी एकदा स्पीच थेरपिस्टना दाखवून घ्या, पण ते त्याच्या सोयीसाठी, बसमधल्या पोरांसाठी नाही. आणि घरी तो ज्यूस म्हणाला तर ज्यूस द्या, "रस म्हण आधी" असं करू नका.

मागच्या महिन्यात शाळेतून बोलावणं आलं, तेव्हा कळलं की आमची सहावीतली मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी वर्गातल्या एका मुलीला रंगावरून आणि तेल लावलेल्या वेण्यांवरून चिडवतात, तिचा वॉटर बॅगला हात लागला की बाटली पुसतात. आम्हाला फार लाज वाटली. मी तिला दुष्ट मुलीला शिक्षा होते अशा दोन गोष्टी वाचायला दिल्या, तिने वाचल्या आणि म्हणाली किती वाईट होती ना ती मुलगी बाबा! तिला कळतंच नाहीये का?
– एक बाबा, नाशिक

तिला खरंच कळलेलं नाही, ती नाटक करत नाहीये. इतक्या वर्षांत एकही मूल मला असं भेटलं नाही जे गोष्ट ऐकून म्हणालं, ताई यातला तो त्रास देणारा म्हणजे मी. सगळेच राजपुत्राच्या बाजूचे असतात. खलनायक जेवढा काळाकुट्ट रंगवाल तेवढा तो मुलांपासून लांब जातो.

त्यामुळे तिला अशी गोष्ट द्या जिच्यात तिला स्वतःला ओळखता येईल. अशी एक मी खूपदा वापरलीय, एलिनॉर एस्टेस या अमेरिकन लेखिकेची द हंड्रेड ड्रेसेस, १९४४ सालची, सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीत ती कितीतरी वर्षं होती त्यामुळे तुमच्या ओळखीतल्या एखाद्या ताई-दादाकडे जुनं पुस्तक सापडेल. वांडा नावाची गरीब पोलिश मुलगी, रोज तोच एक विटलेला निळा फ्रॉक घालून शाळेत येते, धुतलेला असतो पण इस्त्री धड नसते. एकदा ती म्हणून जाते की माझ्या घरी शंभर ड्रेस आहेत. झालं, मग पेगी रोज तिला विचारते, किती गं ड्रेस? आणि पेगीशेजारी मॅडी उभी असते. मॅडी काही बोलत नाही. तिला ते आवडत पण नाही, पण ती स्वतः गरीब आहे, पेगीचे जुने कपडे घालते, मध्ये बोललं तर उद्या आपला नंबर लागेल ही भीती. पुढे वांडाचं कुटुंब गाव सोडून जातं आणि वर्गात शंभर ड्रेसची तिने काढलेली चित्रं लागतात, एकाहून एक सुंदर. माफी मागायला वांडा तिथे नसतेच. लेखिकेला ही गोष्ट सुचली ती तिच्या स्वतःच्या लहानपणच्या वर्गातल्या अशाच एका मुलीवरून.

ही मुलीला वाचायला देऊ नका, तिच्याबरोबर बसून वाचा, रोज थोडी थोडी. पेगीबद्दल एक शब्द बोलू नका. फक्त विचारा, मॅडीला त्या वेळी काय वाटत असेल? तुमची मुलगी तीन जणींच्या ग्रुपमध्ये आहे, कधी ना कधी ती पण मॅडी असतेच, आणि मॅडीबद्दल बोलताना बोलताना ती हळूहळू पेगीपर्यंत येते. मागे अशाच दुसऱ्या एका मुलीला चार दिवस लागले होते, पाचव्या दिवशी आईला म्हणाली, आई ते बाटली पुसायचं मीच सुरू केलं होतं. तेव्हा ओरडायचं नाही. "बरं झालं सांगितलंस, आता काय करूया" एवढंच.

आणि एक विचारू का, रागावू नका. घरात रंगावरून कोण कोण बोलतं? लग्नाच्या गप्पांत "मुलगी चांगली आहे पण जरा सावळी", पुतण्याला लाडाने ढब्ब्या, भाचीला काळूबाई... आपल्याकडे हे सगळं प्रेमाने चालतं आणि मुलं कोपऱ्यात बसून ऐकत असतात. गोष्टीपेक्षा ते जास्त मुरतं. तुमच्या घरी नसेल होत तर उत्तमच.

मी जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवतो. आमच्या गावाजवळ कारखाना आहे, दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं शाळेत येतात, कोप्यांवर म्हणजे झोपड्यांत राहतात. गावातली मुलं त्यांना कोपीवाले म्हणतात, शेजारी बसू देत नाहीत, खिचडी खाताना वेगळी ओळ करतात. मी रागावलो की तेवढ्यापुरतं थांबतं. पूर्ण वर्गाला सांगता येईल अशी गोष्ट आहे का?
– एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

सर, तुम्ही हे बघितलंत आणि लिहिलंत याबद्दल आधी तुमचे आभार मानते. ती मुलं चार-पाच महिन्यांसाठी येतात, म्हणून खूपदा त्यांच्याकडे कुणी बघत पण नाही.

एक पथ्य आधी पाळा, ज्या दिवशी भांडण झालं त्या दिवशी गोष्ट नको. सगळ्या वर्गाला कळतं की ही कुणासाठी आहे, माना वळतात आणि ते कोपीवरचं पोर अजून खाली बघतं.

चौथीला पंचतंत्रातली कबुतरांची गोष्ट चांगली बसते. सगळी कबुतरं जाळ्यात अडकतात, एकदम पंख मारून जाळं घेऊनच उडतात, आणि हिरण्यक उंदराकडे उतरतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, एकीचं बळ वगैरे. पण पुढे काय होतं, उंदीर आपल्या मित्राचं म्हणजे चित्रग्रीव राजाचं जाळं आधी कुरतडायला जातो आणि राजा म्हणतो माझं नको, आधी माझ्या बरोबरच्यांचं तोड. तिथे गोष्ट थांबवा आणि मुलांना विचारा, आधी कुणाचं तोडायला पाहिजे? भांडू द्या त्यांना. माझ्या तासाला यावर अर्धा तास भांडण चाललंय, एक मुलगा म्हणाला सगळ्यात लहान कबुतर जे असेल त्याचं आधी, कारण ते घाबरलं असेल. तुमच्या वर्गात पण असं एखादं पोर निघेल, आणि त्या पोराला खिचडी वाढायच्या कामावर घ्या, ओळ कशी बसवायची ते त्याला ठरवू द्या.

दुसरी गोष्ट खरी आहे आणि ती जपून सांगायला हवी. ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस करतो, १९०० साली त्या दिवशी छोट्या भीमरावांचं नाव साताऱ्याच्या शाळेत घातलं गेलं. भाषणं होतात, फोटोला हार घालतात, पण वर्गात काय व्हायचं ते मुलांना सांगतच नाही कुणी. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, बसायला घरून गोणपाट न्यायचं, इतर मुलांपासून वेगळं बसायचं, शाळा साफ करणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावायचा नाही म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी उघडली तरच पाणी, शिपाई नसला तर तहानलेलं राहायचं. ते जातीचं होतं, वर्गातल्या चिडवण्यापेक्षा फार मोठं आणि मोठ्या माणसांनी चालवलेलं, दोन्ही एकच आहे असं मुलांना सांगू नका. पण एक प्रश्न विचारा, भीमराव गोणपाट गुंडाळत होते तेव्हा वर्गातली बाकीची मुलं काय करत होती? उत्तर फळ्यावर लिहू नका, कुणाला उभं करू नका. प्रश्न विचारून झाला की दप्तरं उघडायला सांगा. तुमच्या वर्गातली ती वेगळी ओळ मुलांना आपोआप दिसेल, एका दिवसात नाही पण दिसेल.

आणि जमलं तर त्या मुलांकडून पण एक गोष्ट मागा. बैलगाडीतून पहाटे निघणं, मोळ्या बांधणं, नवीन गावात कोपी उभी करणं, गावातल्या मुलांना यातलं काहीच माहीत नसतं. पहिल्या आठवड्यात मागू नका, थोडं रुळल्यावर मागा, आणि नको म्हणालं तर नको.

नातवाला म्हटलं की वर्गात कुणी त्रास दिला तर बाईंना सांग, तर म्हणतो आजी, सगळे चोंबडा म्हणतात. काय सांगू?
– एक आजी, डोंबिवली

आजी, तो खरं बोलतोय, चोंबडा म्हणतातच. आपणच मुलांना लहानपणी "चहाड्या करू नकोस" म्हणून गप्प बसवतो आणि मग मोठी झाल्यावर सांग सांग म्हणून मागे लागतो. त्याला फरक सांगा, सोप्या भाषेत. कुणाला ओरडा बसावा म्हणून सांगितलं तर ती चहाडी. कुणाचं दुखणं थांबावं म्हणून सांगितलं तर ती चहाडी नाही, मग ते दुखणं स्वतःचं असो नाहीतर दुसऱ्याचं. आणि बाईंना सगळ्यांसमोर नाही सांगायचं, वही तपासायला देताना हळूच सांगायचं, किंवा चिठ्ठी ठेवायची. तुमच्या लहानपणी तुम्ही कुणासाठी सांगितलं असेल नाहीतर सांगायचं राहून गेलं असेल तर ती गोष्ट त्याला सांगा, राहून गेलेलीच जास्त सांगा, आजीचं पण चुकलं होतं हे ऐकून मुलं फार मोकळी होतात.

बाईंनी स्वतःच टोमणे मारले, वर्गात अपमान केला, तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, मग मुख्याध्यापकांना लेखी द्यायला सुनेला-मुलाला सांगा. आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर त्याच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवून द्या, फोन फुकट लागतो, रात्री पण. तुमचा स्वतःचा नंबर त्याच्या वरती लिहा.